धातुयुक्त औद्योगिक अवशेष आणि भावी पिढीचे आरोग्य

उद्योगधंद्यांच्या विस्ताराबरोबर धातूंचा वापर वाढतो आणि वापरलेल्या धातूंच्या पुनर्प्राप्तीचा प्रश्नही तितक्याच निकडीने पुढे येतो. जुन्या बॅटऱ्यांतील शिसे वितळवून पुन्हा उपयोगात आणणे हे राष्ट्रीय संपत्तीच्या दृष्टीने हिताचेच आहे. परंतु प्रत्येक भट्टी धातूबरोबर आणखी काही निर्माण करीत असते. तळाशी व पृष्ठभागावर साचणारी मळी, धुराड्यातील धूळ, सांडपाण्यातून खाली बसणारा गाळ, भट्टीच्या अस्तराच्या जीर्ण विटा हे सारे मागे उरते. या अवशेषांचे ढीग कोठे जातात, त्यांवर कोण वावरते आणि त्यांतील धातू कोणाच्या शरीरात उतरतात, हे प्रश्न केवळ कारखान्यापुरते राहत नाहीत. ते गावच्या रस्त्यापर्यंत, शाळेच्या पटांगणापर्यंत आणि मातेच्या उदरातील अर्भकापर्यंत पोहोचतात.

अशा अवशेषांमुळे प्रजननक्षमतेस व गर्भास होऊ शकणारा अपाय कसा मोजतात, त्या मोजमापाच्या मर्यादा कोणत्या आणि प्रयोगशाळेच्या अहवालाचा अर्थ स्थानिक पातळीवर कसा लावावा, याची माहिती अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे. विवेचनाच्या सोयीसाठी येथे प्रामुख्याने जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढणाऱ्या भट्टीच्या अवशेषांचे उदाहरण घेतले आहे. विचाराची पद्धत मात्र इतर धातुयुक्त अवशेषांनाही लागू पडते.

अवशेष हा एक पदार्थ नव्हे

मीठ किंवा तुरटी यांची रासायनिक घटना ठरलेली असते. भट्टीच्या अवशेषाचे तसे नसते. शिशाच्या भट्टीतील मळीत शिशाबरोबर लोह, सोडा, गंधक, अँटिमनी, आर्सेनिक, कथील आणि कधी कधी कॅडमियम आढळते. आज भट्टीत कोणते भंगार पडले, सोडा किती घातला, तापमान किती होते, यांवर या घटकांचे प्रमाण बदलते. युरोपीय संघाच्या २००६ च्या रसायनविषयक कायद्यात अशा पदार्थांचा स्वतंत्र गटच मानला आहे. ज्यांची घटना अंशतः अज्ञात किंवा बदलती असते, असे हे पदार्थ होत.

एकाच भट्टीच्या दोन अवशेषांतही मोठा फरक असतो. धुराड्यातील धूळ अतिशय बारीक असते आणि तिच्यात शिशाची ऑक्साइडे, सल्फेटे व क्लोराइडे विपुल असतात. मळी दगडासारखी कठीण दिसते. परंतु सोडा वापरून काढलेली मळी हवेतील ओलावा शोषून काही काळाने भुसभुशीत होते आणि तिची भुकटी बनते. उन्हाळ्यात दगड म्हणून भरावास टाकलेला पदार्थ पावसाळ्यानंतर धूळ होऊन उडू लागतो. म्हणून ‘मळी टणक आहे, तिच्यापासून धोका नाही’ हा समज तपासल्याशिवाय स्वीकारता येत नाही.

प्रजननविषयक अपाय म्हणजे काय

संयुक्त राष्ट्रसंघाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक वर्गीकरण पद्धतीत प्रजननविषयक अपायाचे दोन मुख्य भाग मानले आहेत. पहिला, स्त्री किंवा पुरुष यांच्या जननक्षमतेवर व लैंगिक कार्यावर होणारा परिणाम. दुसरा, गर्भाच्या व अपत्याच्या वाढीवर होणारा परिणाम. यात गर्भपात, मृतजन्म, व्यंग, वजनातील घट आणि बौद्धिक वाढीतील उणीव यांचा समावेश होतो. मातेच्या दुधावाटे बालकास होणाऱ्या अपायाची नोंद वेगळी केली जाते. मानवी पुराव्याने सिद्ध झालेले पदार्थ ‘१ अ’ या श्रेणीत, मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे तसे मानलेले ‘१ ब’ या श्रेणीत आणि संशयित पदार्थ श्रेणी २ मध्ये येतात. युरोपीय वर्गीकरणात शिसे ‘१ अ’ या सर्वांत वरच्या श्रेणीत असून पारा, कोबाल्ट व निकेल सल्फेट हे ‘१ ब’ या श्रेणीत आहेत.

शिशाविषयीचे हे ज्ञान नवे नाही. १८६० मध्ये फ्रान्समधील वैद्य कॉन्स्टंटिन पॉल यांनी शिशाच्या कामातील स्त्रियांमध्ये गर्भपात व मृतजन्म यांचे प्रमाण विलक्षण असल्याचे दाखवून दिले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली, म्हणजे स्थापनेच्या वर्षीच, शिशाच्या विषबाधेपासून स्त्रिया व मुले यांच्या संरक्षणासाठी शिफारस केली. तीत स्त्रियांना व १८ वर्षांखालील मुलांना ज्या कामांपासून दूर ठेवावे असे सांगितले होते, त्यांत शिसेयुक्त राखेवर प्रक्रिया करण्याचे काम स्पष्टपणे नमूद होते. अवशेषांचा धोका शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच ओळखला गेला होता, हे यावरून दिसते.

तथापि केवळ स्त्रियांना कामावरून दूर ठेवल्याने प्रश्न सुटत नाही. १९७५ मध्ये रुमानियातील बॅटरी कारखान्यांच्या कामगारांच्या अभ्यासात शिशामुळे पुरुषांच्या शुक्रजंतूंची संख्या, हालचाल व रचना यांत बिघाड होत असल्याचे आढळले. अमेरिकेत बॅटरी बनविणाऱ्या एका उद्योगाने अपत्यक्षम स्त्रियांना शिशाच्या कामावर घेण्यास बंदी केली होती. १९९१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदेशीर ठरविली. अपाय पुरुष व स्त्री दोघांनाही होत असेल, तर उपाय जागा सुरक्षित करण्याचाच असला पाहिजे.

धातू एक, रूपे अनेक

अवशेषाचे मूल्यमापन करताना ‘धातू किती आहे’ या प्रश्नाइतकाच ‘तो कोणत्या रूपात आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. शिशाचा तुकडा, मुरदाडशिंग, शेंदूर आणि काचेत बांधले गेलेले शिसे यांत धातू एकच आहे. परंतु जठरातील आम्लात ते सारख्या वेगाने विरघळत नाहीत.

जपानमधील मिनामाता येथील दुर्घटना या बाबतीत बोलकी आहे. तेथील कारखान्यात पाऱ्याचे सल्फेट उत्प्रेरक म्हणून वापरले जात असे. त्या प्रक्रियेत अल्प प्रमाणात मिथिल पारा तयार होऊन सांडपाण्यावाटे समुद्रात व तेथून मासळीत गेला. १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली आणि १९६२ मध्ये जन्मजात स्वरूपाचा मिनामाता रोग मान्य करण्यात आला. ज्या मातांमध्ये लक्षणे सौम्य होती, त्यांच्या पोटी मेंदूला गंभीर इजा झालेली मुले जन्मास आली. मातेची प्रकृती ठीक दिसते म्हणून गर्भ सुरक्षित आहे, असे मानता येत नाही, हा त्या दुर्घटनेचा मोठा धडा होय.

मिश्रणातील धातूंचा एकमेकांवर होणारा परिणामही ध्यानात घ्यावा लागतो. प्राग येथील संशोधक पारिझेक यांनी १९५० च्या दशकात कॅडमियममुळे उंदरांच्या वृषणातील पेशी नष्ट होतात, परंतु जस्त दिल्यास ही हानी टळते, असे प्रयोगांनी दाखविले. म्हणजे एक धातू दुसऱ्याचा परिणाम कमी करू शकतो. उलट, आहारात लोह व कॅल्शियम यांची उणीव असेल तर शिसे शरीरात अधिक शोषले जाते. म्हणून अवशेषातील घटकांची नुसती बेरीज करून अंतिम निष्कर्ष काढणे सदोष ठरू शकते.

मूल्यमापनाच्या पायऱ्या

अशा अवशेषाची सरळ गाभण प्राण्यांवर चाचणी का घेत नाहीत, असा प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या गर्भवाढविषयक चाचणीत प्रत्येक मात्रेसाठी सुमारे २० गाभण माद्या लागतात. एवढे करूनही मिळणारे उत्तर त्या एका दिवसाच्या मळीपुरते असते. पुढील महिन्याची मळी वेगळी निघते. म्हणून सामान्यतः घटकांच्या आधारे पुढील क्रमाने मूल्यमापन केले जाते.

पहिली पायरी नमुन्यांची. ढिगाच्या एका कोपऱ्यातून उचललेली मूठभर मळी साऱ्या ढिगाचे प्रतिनिधित्व करीत नाही. निरनिराळ्या दिवसांचे व निरनिराळ्या खोलीवरचे नमुने घ्यावे लागतात आणि हाताला चिकटणारी बारीक भुकटी वेगळी तपासावी लागते, कारण तीच पोटात व श्वासात जाते.

दुसरी पायरी घटक व त्यांची रूपे ओळखण्याची. एकूण शिसे किती हे सांगून अहवाल थांबू नये. ऑक्साइड, सल्फेट, धातुरूप यांचे प्रमाण जेथे शक्य असेल तेथे नमूद व्हावे.

तिसरी पायरी वर्गीकरणाची. युरोपीय नियमांप्रमाणे ‘१ अ’ किंवा ‘१ ब’ श्रेणीचा घटक सर्वसाधारणपणे ०.३ टक्के किंवा अधिक असल्यास सारे मिश्रणच त्या श्रेणीचे धरले जाते. एक मिलिमीटरहून बारीक शिशाच्या भुकटीसाठी ही मर्यादा ०.०३ टक्के, म्हणजे एका टनात अवघी ३०० ग्रॅम, इतकी कडक आहे.

चौथी पायरी विद्राव्यतेची. मानवी जठरासारख्या स्थितीत, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात अवशेष ठेवून किती धातू मोकळा होतो, हे पाहिले जाते. काचेत घट्ट बांधलेला धातू व सहज सुटणारा धातू यांतील भेद या चाचणीत स्पष्ट होतो.

पाचवी पायरी संपर्काची. अवशेष कोठे पडला आहे, तो कोण हाताळतो, धूळ घरी जाते काय, पाणी कोठून घेतले जाते, गरोदर स्त्रिया व लहान मुले तेथे वावरतात काय, या गोष्टी प्रयोगशाळेत कळत नाहीत. त्या गावातच कळतात. म्हणूनच या पायरीवर स्थानिक कार्यकर्त्यांचे साहाय्य अमोल ठरते.

हिशेब करून पाहू

केवळ स्पष्टीकरणासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मळीत २ टक्के शिसे आहे आणि त्यातील केवळ १० टक्के जठराम्लात विरघळते. या मळीचा भराव घातलेल्या अंगणात काम करणाऱ्या स्त्रीच्या पोटात हातांवाटे व अन्नावाटे दिवसाला ५० मिलिग्रॅम भुकटी गेली, असे समजू. त्या भुकटीत १ मिलिग्रॅम, म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम शिसे असेल आणि त्यातील १०० मायक्रोग्रॅम विरघळेल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अपत्यक्षम वयातील स्त्रियांसाठी २०२२ मध्ये आहारातील शिशाचा संदर्भस्तर दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम असा धरला आहे. विरघळलेला भागच त्याच्या ११ पटींहून अधिक होतो.

आता त्याच भट्टीच्या धुराड्यातील धुळीत ४० टक्के शिसे असून त्यातील ६० टक्के विरघळते, असे धरू. तेवढ्याच ५० मिलिग्रॅम धुळीतून १२,००० मायक्रोग्रॅम शिसे मोकळे होईल. दोन अवशेषांतील धोक्यात १२० पटींचा फरक पडला. विद्राव्यतेची चाचणी कोणत्या अवशेषाकडे आधी धाव घ्यावी हे सांगते. परंतु कमी विद्राव्य मळीही अंगणात टाकण्याजोगी ठरत नाही, हेही याच हिशेबातून दिसते.

‘चाचणीत उत्तीर्ण’ या शब्दांचा अर्थ

घातक कचरा ओळखण्यासाठी निक्षालन चाचणी प्रचलित आहे. तीत अवशेषाच्या वजनाच्या २० पट सौम्य ॲसेटिक आम्लयुक्त द्रवात तो सुमारे १८ तास फिरवून द्रवात उतरलेले धातू मोजतात. भारतातील २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांत या चाचणीनुसार शिशासाठी दर लिटरला ५ मिलिग्रॅम आणि कॅडमियमसाठी १ मिलिग्रॅम ही मर्यादा दिली आहे.

ही चाचणी उपयुक्त आहे. मात्र तिचा प्रश्न वेगळा आहे. कचराभूमीत टाकलेल्या अवशेषातून भूजलात किती धातू झिरपेल, याचा अंदाज घेण्यासाठी ती योजलेली आहे. मुलाच्या जठरात किंवा कामगाराच्या फुप्फुसात काय होईल, हे ती सांगत नाही. वरच्या उदाहरणातील मळी या चाचणीत उत्तीर्ण होणे शक्य आहे आणि तरीही ती शाळेच्या पटांगणासाठी सर्वथा अयोग्य असेल. म्हणून एखाद्या पुरवठादाराने ‘प्रमाणित भराव’ म्हणून अहवाल दाखविल्यास प्रथम विचारावे, की ही चाचणी कोणती आणि ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते?

शरीर शिसे विसरत नाही

शिसे शरीरात कॅल्शियमचे सोंग घेते. रक्तातील शिसे काही आठवड्यांत कमी होते. हाडांत साठलेले मात्र अनेक वर्षे, कित्येकदा दशके टिकते. गर्भारपणी व अंगावर पाजण्याच्या काळात मातेच्या हाडांतून कॅल्शियम सुटते आणि त्याबरोबर जुने शिसेही रक्तात येते. ते वार ओलांडून गर्भात जाते. बालपणी भंगाराच्या ढिगाजवळ वाढलेल्या मुलीचे शिसे अशा रीतीने तिच्या अपत्याच्या वाट्यास येऊ शकते. बालकांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही ज्ञात मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. तिच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास संपर्काचा उगम शोधून तो थांबवावा. गर्भवतीच्या आहारात कॅल्शियम अपुरे असल्यास तिला ते पुरविण्याचीही शिफारस त्यात आहे.

सेनेगल देशाची राजधानी डाकारच्या उपनगरात, थियारॉय-सुर-मेर येथे घडलेली घटना अवशेषांच्या बाबतीत सदैव स्मरणात ठेवण्याजोगी आहे. तेथे जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या व्यवसायामुळे माती शिशाने भरली होती. शिशाचे भाव वाढल्यावर रहिवासी ती माती पोत्यांत भरून वस्तीत आणू लागले व चाळून शिसे वेगळे करू लागले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे १८ बालके दगावली. तपासणी झालेल्या ८१ व्यक्तींपैकी प्रत्येकास शिशाची विषबाधा झाल्याचे आढळले. मोठा कारखाना नाही, स्फोट नाही, वायुगळती नाही. केवळ टाकून दिलेल्या अवशेषाने ही जीवितहानी घडविली.

स्थानिक पातळीवर काय करता येईल

महाराष्ट्रात घातक कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीसाठी महापे, तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे सामायिक सुविधा उभारण्यात आल्या आहेत. २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा अधिकृत व्यक्तीकडेच जावा लागतो, त्याच्या वाहतुकीबरोबर विहित नमुन्यातील पत्रक असावे लागते आणि त्याचा दुसऱ्या कामासाठी उपयोग करावयाचा तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. ग्रामपंचायतींच्या हाती ही महत्त्वाची साधने आहेत. रस्ता, पटांगण किंवा बांधकाम यांसाठी कारखान्याची मळी, राख अथवा गाळ विनामूल्य देऊ केला जात असेल, तर तो कोणत्या प्रक्रियेतून आला, मंडळाची परवानगी आहे काय आणि बारीक भुकटीची वेगळी तपासणी झाली काय, हे लेखी विचारावे. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत माल उतरवून घेऊ नये. उतरलेला माल परत नेणे ही फार खर्चाची गोष्ट असते.

गावात घरोघरी बॅटऱ्या फोडण्याचा किंवा उघड्यावर शिसे वितळविण्याचा उद्योग चालत असल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयास कळविले पाहिजे. त्याचबरोबर त्यावर उपजीविका करणाऱ्या कुटुंबांना केवळ गुन्हेगार समजून हाकलल्यास तो उद्योग शेजारच्या गावी जाईल. जुन्या बॅटऱ्या अधिकृत संकलकाकडे जाव्यात यासाठी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत उत्पादकांवर जबाबदारी टाकण्यात आली आहे, ही माहिती विक्रेत्यांपर्यंत व भंगार गोळा करणाऱ्यांपर्यंत पोहोचविणे अधिक परिणामकारक ठरेल.

शिक्षकांना साध्या सवयी रुजविता येतील. जेवणापूर्वी हात धुणे, भंगाराच्या ढिगात न खेळणे, बॅटरीच्या फोडलेल्या पेट्या कुंडी किंवा पाण्याचे भांडे म्हणून न वापरणे या गोष्टी मुलांमार्फत घराघरांत जातात. भट्टीवर काम करणाऱ्यांनी कामाचे कपडे घरी न आणता तेथेच बदलावेत, अंगण कोरडे न झाडता ओल्या फडक्याने पुसावे. अंगणवाडी व आशा कार्यकर्त्यांनी अशा वस्तीतील गरोदर स्त्रियांची नोंद करताना घरातील कोणी शिशाच्या कामावर आहे काय, हे अवश्य विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास लोह व कॅल्शियमच्या गोळ्या नियमित घेतल्या जातात हे पाहावे आणि रक्तातील शिशाच्या तपासणीसाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. गोळ्या हा पूरक उपाय आहे. संपर्क थांबविणे हाच मुख्य उपाय होय.

धातुयुक्त अवशेषाविषयीचे ज्ञान नेहमीच काहीसे अपुरे राहणार, कारण तो पदार्थच बदलता आहे. अशा वेळी शंकेचा लाभ कोणाला द्यावयाचा, हा अखेर धोरणाचा प्रश्न ठरतो. हा लाभ आजवर बहुधा ढिगाऱ्याला मिळत आला आहे. ज्याला अजून बोलता येत नाही, तक्रार करता येत नाही आणि आपण कोठे जन्मावे हे ठरविता येत नाही, त्या बालकाला तो दिला जावा, एवढे भान प्रत्येक अहवाल वाचताना व प्रत्येक परवानगी देताना राखले गेले पाहिजे.